अँटीडिप्रेसंट थांबवल्यावर चक्कर, डोक्यात करंट आणि रडू: आजार उलटला की गोळी सुटल्याचा त्रास?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नैराश्य आणि पॅनिक अटॅकसाठी तुम्ही दोन वर्षं पॅरॉक्सेटिन हे अँटीडिप्रेसंट (नैराश्यावरचं औषध) २० मिलिग्रॅम घेत होता. गेलं वर्षभर तब्येत छान होती, म्हणून दोन आठवडे १० मिलिग्रॅम घेतली आणि मग गोळी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, रात्रभर विचित्र स्वप्नं आणि कुठल्याही कारणाने रडू येणं सुरू झालं. आज नववा दिवस आहे. भाऊ म्हणतो, आजार उलटला. तुम्हाला वाटतं, गोळीचं व्यसन लागलं. आणि आता ती आयुष्यभर घ्यावी लागणार का, ही भीती आहेच.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून आणि दिवसांच्या हिशेबावरून मला हे विथड्रॉवल, म्हणजे गोळी सुटल्याचा त्रास, वाटतं. आजार उलटल्याचं चित्र असं नसतं, आणि हे व्यसनही नाही. व्यसनात त्या पदार्थाची ओढ लागते, डोस वाढवत न्यावासा वाटतो. तुम्हाला तर गोळी नकोच आहे. फरक एवढाच की दोन वर्षांत मेंदूने तिच्याशी जुळवून घेतलं होतं आणि ती फार लवकर काढून घेतली गेली.

आज करायचं ते आधी सांगतो. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करा आणि ‘पुन्हा १० वर जाऊ का?’ असं स्पष्ट विचारा. गोळी थांबवून थोडेच दिवस झाले असतील आणि त्रास सोसवत नसेल, तर ज्या डोसवर तब्येत ठीक होती तिथे परत जाणं हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत उतार पडतो. त्रास सोसण्याजोगा असेल तर न घेता वाट पाहणं हाही रास्त पर्याय आहे, पण तो तुम्ही आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचा. परत १० वर जाणं ही हार नाही. गोळी सोडण्याची प्रक्रिया तुम्ही योग्य वेगाने पुन्हा सुरू करताय, इतकंच.

वाट पाहायची नाही अशा काही गोष्टी आहेत. जीव द्यावासा वाटणं; अंगात अशी तगमग की एका जागी बसवतच नाही; झोप जवळजवळ नाही तरी अंगात प्रचंड उत्साह, बोलणं आणि खर्च सुटलेला; भ्रम किंवा गोंधळ. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा इमर्जन्सीमध्ये जा आणि घरात कुणालातरी सांगून ठेवा, एकटे राहू नका. विथड्रॉवलमधलं नैराश्य तात्पुरतं असतं हे खरं, पण ते चालू असताना तितकंच जीवघेणं ठरू शकतं.

आता हे का होतं ते पाहू. पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गोळ्या सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन, पेशीत परत ओढून घेणाऱ्या पंपांना अडवतात. महिनोन्‌महिने हे चालू राहिलं की मेंदू त्या वाढलेल्या सेरोटोनिनला धरून आपली संवेदनशीलता बदलतो. गोळी रक्तातून निघून जायला काही दिवस पुरतात, पण मेंदूची ही जुळणी पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. या मधल्या काळात जो त्रास होतो तो विथड्रॉवल. सेरोटोनिन फक्त मनःस्थितीशी जोडलेलं नाही. आतडी, झोप, तोल, स्पर्श या सगळ्यांत त्याचा हात असतो. म्हणून ‘मनाची’ गोळी सोडल्यावर मळमळतं, पाय लटपटतात, हातापायांत मुंग्या येतात आणि फ्लूसारखं अंग मोडून येतं.

कोणती गोळी होती यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य आठवडेच्या आठवडे रक्तात रेंगाळतं, त्यामुळे ते आपोआपच हळू उतरतं. त्याचा त्रास सहसा कमी असतो, आणि झालाच तर काही आठवड्यांनी, लोक गोळी विसरूनही गेलेले असतात तेव्हा. व्हेनलाफॅक्सिन याच्या दुसऱ्या टोकाला आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे ५ तासांत निम्मं होतं, त्याच्या कार्यक्षम घटकाचं सुमारे ११ तासांत. म्हणून ते घेणाऱ्या काहींना सकाळची कॅप्सूल राहिली तर संध्याकाळीच डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं. सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्राम मधले. ड्युलोक्सेटिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, मिर्टाझापिन आणि इमिप्रामिन-अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या सोडतानाही त्रास होऊ शकतो. अमिट्रिप्टिलिन तर अनेकजण निव्वळ डोकेदुखी किंवा नसांच्या दुखण्यासाठी घेतात, आणि ते अँटीडिप्रेसंट आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

तुमची पॅरॉक्सेटिन सोडायला अवघड गोळ्यांपैकी आहे, आणि त्याचं एक कारण फारसं सांगितलं जात नाही. यकृतातलं जे एन्झाइम पॅरॉक्सेटिन मोडतं, त्यालाच पॅरॉक्सेटिन दाबून ठेवतं. डोस कमी केला की ते एन्झाइम मोकळं होतं आणि उरलेली गोळी जास्त वेगाने मोडू लागतं. परिणामी २० वरून १० केल्यावर रक्तातलं प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. तुम्हाला वाटलं आपण अर्धं अंतर उतरलो. प्रत्यक्षात शरीर त्यापेक्षा बरंच खाली आलं होतं, आणि दोन आठवड्यांत उरलेलंही काढून घेतलं गेलं.

भावाचं म्हणणं चुकीचं असलं तरी त्याची भीती खरी आहे, म्हणून या भागावर थोडा थांबतो. विथड्रॉवल आणि आजार उलटणं यांत गल्लत झाली की माणूस नको तितकी वर्षं गोळी घेत राहतो, किंवा उलट, खरोखर आजार परतत असताना ‘विथड्रॉवल असेल’ म्हणून अंगावर काढतो. दोन्हीत नुकसान आहे.

पहिली खूण वेळेची. विथड्रॉवल डोस घटवल्यापासून काही दिवसांतच सुरू होतं. तुमच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी. नैराश्य सहसा इतक्या झटपट परतत नाही. ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू चढत जातं: आधी झोप बिघडते, मग कामातलं मन उडतं, मग माणसं नकोशी होतात. दुसरी खूण म्हणजे लक्षणांचा चेहरा. तुम्हाला मूळ आजारात कधी डोक्यात करंट जाणवला होता का? चालताना तोल जायचा का? आजारात कधीच नसलेली शारीरिक लक्षणं आली असतील, तर गोळी सुटल्याचाच संशय घ्यायचा. तिसरी खूण लाटांची. विथड्रॉवलमध्ये सकाळ असह्य जाते आणि दुपारी दोन तास अगदी पूर्वीसारखं वाटतं. रडू येतं ते आभाळ भरून आल्यासारखं अचानक, आणि ओसरल्यावर माणूस स्वतःच म्हणतो, ‘मला वाईट कशाचं वाटलं तेच कळलं नाही.’ नैराश्यातलं जडपण असं तासातासाला पालटत नाही. आणि चौथी खूण, गोळी परत सुरू केल्यावर त्रास एक ते तीन दिवसांत विरला तर ते विथड्रॉवलच. नैराश्यावर गोळीचा परिणाम दिसायला आठवडे लागतात.

गोंधळ होतो तो चिंता, चिडचिड आणि निद्रानाश या तिघांमुळे, कारण हे दोन्हीकडे असतात. पॅनिकचा आजार असलेल्या तुमच्यासारख्यांना विथड्रॉवलमधली छातीतली धडधड हुबेहूब जुन्या अटॅकसारखी वाटते, आणि त्या भीतीने खरा अटॅकही येतो. अशा वेळी एकेका लक्षणाकडे पाहून निष्कर्ष काढू नका. सोबत करंट, चक्कर, मळमळ आहे का आणि सुरुवात कधी झाली, हे एकत्र पाहा.

करंटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते यालाच. डोक्यात क्षणभर झिणझिणी किंवा ‘झप्प’ असा झटका जातो, कधी कानांत आवाजासह, कधी हातांपर्यंत उतरतो. नजर डावी-उजवीकडे फिरवली की तो हमखास येतो. माझ्या एक रुग्ण शिक्षिका आहेत. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळल्या की दर वळणाला झटका बसायचा आणि त्या क्षणभर टेबल धरून उभ्या राहायच्या. मेंदूत गाठ असेल या भीतीने त्यांनी स्कॅनही करून घेतलं होतं. त्यात काहीच नव्हतं. डोळे आधी न वळवता डोकं आणि खांदे एकत्र, सावकाश वळवायचे, एवढ्यानेच त्यांचं शिकवणं सुकर झालं. हे झटके नेमके कशामुळे येतात याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, पण त्यांनी मेंदूला इजा होते असं आढळलेलं नाही आणि ते फिट येण्याचे झटकेही नव्हेत. शुद्ध हरपली किंवा अंग आकडलं, तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. तातडीने तपासून घ्या.

हे किती जणांना होतं? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अँटीडिप्रेसंट थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवलं, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना. म्हणजे निव्वळ औषध सुटल्यामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. यावर आक्षेप असा आहे की त्यातले बरेचसे अभ्यास थोडेच महिने गोळी घेतलेल्यांचे होते, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा त्रास यापेक्षा जास्त असू शकतो. मला हा आक्षेप पटतो. पण बहुसंख्य लोक गोळी फारशा त्रासाविना सोडतात, हेही तितकंच खरं आहे. ‘एक-दोन आठवड्यांत जातंच’ असं पूर्वी डॉक्टर सरसकट सांगायचे. अनेकांचं जातं. काहींचं महिनोन्‌महिने रेंगाळतं, आणि त्यांना ‘इतके दिवस विथड्रॉवल नसतंच’ असं सांगून गप्प करणं अन्यायाचं आहे.

आता मुख्य मुद्दा, पुढच्या वेळी गोळी कशी सोडायची. डोस आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नाही. पॅरॉक्सेटिनच्याच वर्गातल्या सिटालोप्रामची मोजमापं पाहा: २० मिलिग्रॅमवर सेरोटोनिनचे सुमारे ८० टक्के पंप अडतात. डोस निम्म्याहून खाली, ९ मिलिग्रॅमवर आणला तरी ७० टक्के अडलेलेच असतात. साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास ५० टक्के, दीडवर ३० टक्के, आणि अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी डोसवरसुद्धा सुमारे १० टक्के. वरचे अकरा मिलिग्रॅम कमी केले तर फरक १० टक्क्यांचा, आणि शेवटचे साडेतीन कमी केले तर ५० टक्क्यांचा! या वर्गातल्या इतर गोळ्यांचा आलेखही याच घाटाचा आहे. म्हणून लोक म्हणतात, ‘अर्ध्या गोळीपर्यंत काहीच झालं नाही, शेवटची अर्धी सोडली आणि कोसळलो.’ २०१९ मध्ये होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी याच आधारावर सुचवलं की कपात आधीच्या डोसच्या प्रमाणात करावी, म्हणजे डोस जितका लहान तितकं पाऊल लहान. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच तत्त्व आहे: सुरुवातीला उदाहरणार्थ निम्मी कपात, डोस खाली आल्यावर पाव, आणि गोळ्यांनी जमेनासं झालं की पातळ औषध.

मी तुमच्यासारख्या रुग्णासाठी साधारण असं करतो. आधी ज्या डोसवर बरं वाटतं तिथे किमान चार आठवडे निवांत राहायचं. मग एक छोटी कपात. त्यानंतर दोन ते चार आठवडे थांबायचं. त्रास झाला आणि शमला, तरच पुढची. एकदा जोराचा त्रास होऊन गेलेल्यांना मी दर महिन्याला त्यावेळच्या डोसच्या सुमारे १० टक्क्यांनीच खाली आणतो. यात वर्षभरही लागू शकतं. लागू दे. तारीख ठरवून गोळी सोडायची नसते. परीक्षा, बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण असं काही चालू असेल तर त्या महिन्यात डोसला हातच लावायचा नाही.

लहान डोस बनवायचे कसे, यावर गाडी अडते. काही औषधं पातळ स्वरूपात येतात आणि सुई नसलेल्या सिरिंजने अगदी बारीक मापात घेता येतात. तुमच्या देशात कोणतं मिळतं ते फार्मासिस्टला विचारा. साध्या गोळीचे गोळी-कटरने चार भाग होतात. पण ‘सीआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेल्या गोळ्या तोडायच्या किंवा चुरडायच्या नाहीत, कारण दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. तुमची पॅरॉक्सेटिन सीआर आहे का, ते पाकिटावर पाहा; असेल तर कमी करण्याआधी डॉक्टर साधी गोळी देऊ शकतात. व्हेनलाफॅक्सिनच्या काही कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि ते कमी-कमी करत नेता येतात, पण दाणे चावायचे नाहीत आणि हा प्रयोग फार्मासिस्टला दाखवल्याशिवाय घरी करायचा नाही.

एक दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनसाठी तो मला मुळीच मान्य नाही. पॅरॉक्सेटिन रक्तात साधारण २१ तासांत निम्मं होतं; मधला दिवस वगळलात तर दर दोन दिवसांनी स्वतःला छोटं विथड्रॉवल देणं झालं. रोज, ठरलेल्या वेळी, कमी डोस हेच बरोबर. काहीच जमत नसेल तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनवर नेऊन मग ते कमी करतात. ही चांगली युक्ती आहे, पण दोन औषधं एकमेकांवर येण्याचा धोका असल्याने ती स्वतः करू नका.

तोपर्यंतचे दिवस काढायचे कसे? वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: डोस, झोपेचे तास आणि त्रास दहापैकी किती. दोन आठवड्यांनी मागे पाहिलं की लाटा उतरताना दिसतात. त्या दिवशीच्या मनाला त्या दिसत नाहीत. चक्कर असेपर्यंत गाडी चालवू नका, अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसा. मळमळीसाठी थोडं-थोडं आणि वरचेवर खा, पाणी पीत राहा. दारू पूर्ण बंद. त्या रात्री झोप लागल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी चिंता दुप्पट होऊन परतते. चहा-कॉफी दुपारनंतर नको. जोरदार व्यायामाने झटके वाढत असतील तर नुसतं चाला. मळमळ किंवा झोपेसाठी डॉक्टर थोड्या दिवसांचं औषध देऊ शकतात. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांबाबत, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे, मी हात आखडता घेतो, कारण त्या सोडणं हे आणखी एक मोठं काम होऊन बसतं. अँटीडिप्रेसंट पुन्हा सुरू केलं असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट विचारल्याशिवाय घेऊ नका. सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की काही आठवडे तुम्ही लवकर चिडाल आणि रडाल. त्या काळात नोकरी सोडणं, नातं तोडणं असले निर्णय पुढे ढकला.

राहता राहिला प्रश्न आयुष्यभराचा. आत्ताच्या त्रासावरून तो ठरत नाही. तो ठरतो आधी किती वेळा आजारी पडलात आणि ते आजारपण किती गंभीर होतं यावर. पहिलंच नैराश्य असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर किमान सहा महिने गोळी चालू ठेवतात. वारंवार होत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. आजार परतण्याचा धोका खोटा नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँटलर’ या ब्रिटिश अभ्यासात, दीर्घकाळ गोळी घेऊन बरं वाटत असलेल्यांपैकी ज्यांची गोळी काढली त्यांतल्या ५६ टक्के लोकांचं नैराश्य वर्षभरात परतलं, आणि ज्यांनी चालू ठेवली त्यांतल्या ३९ टक्के लोकांचं. याचा अर्थ गोळी सोडून ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले, आणि गोळी चालू असूनही दहापैकी जवळजवळ चौघांचं परतलं. शिवाय २०१५ च्या एका अभ्यासात माइंडफुलनेसवर आधारलेली थेरपी घेत गोळी कमी करणाऱ्यांचं आणि गोळी चालू ठेवणाऱ्यांचं दोन वर्षांतलं नैराश्य परतण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणून डोस खाली आणायला लागण्याआधीच समुपदेशन किंवा थेरपी सुरू करा. पॅनिकसाठी तर सीबीटीचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, उपयोग चांगलाच सिद्ध झालेला आहे. बायपोलर आजार, जीव देण्याचा आधीचा प्रयत्न किंवा चालू असलेली गर्भावस्था यांपैकी काही असेल, तर हा निर्णय मनोविकारतज्ज्ञांसोबत बसूनच घ्या.

भावाला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. तारखांसह कागद न्या: २० कधी, १० कधी, बंद कधी, पहिली चक्कर कधी. डॉक्टर म्हणाले की ‘इतक्या लवकर सोडल्याने काही होत नाही’, तर भांडू नका; तो कागद पुढे करा आणि कमी-कमी करत नेण्याचा आराखडा लिहून मागा. तरीही ऐकून घेतलं गेलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, पण तोपर्यंत स्वतःहून डोस वर-खाली करत राहू नका. रोज वेगळा डोस घेतला की काय कशामुळे होतंय हे तुम्हालाही कळेनासं होतं आणि आम्हालाही.